कवटीच्या तळाशी दोन कमानी

हिंगोलीतल्या एका सीटी स्कॅन केंद्रात पडद्यासमोर बसलं की माणसाचं डोकं खालून वर उलगडत जातं: कवटीचा तळ, डोळ्यांच्या खोबणी, मग मेंदू. आत टेबलावर सेनगावकडचे एक साठीतले शेतकरी. सकाळी हातातून कप गळून पडला, बोलणं अडखळायला लागलं. ‘मामा, मान हलवू नका,’ म्हणत टेक्निशियनने कपाळावरचा पट्टा आवळला. यंत्र काही सेकंदच फिरतं; वेळ जातो तो पडद्यावर.

डॉक्टर आधी रक्तस्राव शोधतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि रक्तस्राव असेल तर देताच येत नाही. इथे रक्तस्राव नव्हता. वॉर्डला तसा फोन गेल्यावर माऊसचं चाक उलटं फिरलं आणि कवटीच्या तळाशी थांबलं. पीयूष ग्रंथीच्या दोन्ही अंगांनी मेंदूकडे जाणारी मोठी धमनी इथे नागमोडी वळते. त्या वळणावर दोन पांढऱ्या कमानी. शेजारचं हाडही पांढरंच, म्हणून डॉक्टरांनी विंडो, म्हणजे चित्रातली उजळ-गडद मर्यादा, बदलली, तशा कमानी हाडापासून सुट्या दिसू लागल्या. कर्सरने त्यांवर वर्तुळ काढलं की आकडा उमटतो. हे मोजमाप गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाचं. त्यांनी बनवलेल्या सीटी यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. पाणी शून्य, मेंदू तीस-चाळीसच्या आसपास, १३०च्या वर बहुधा कॅल्शियम; या कमानी तशाच. मेंदूच्या मधोमध पिनियल ग्रंथीतही त्याचा एक ठिपका होता, पण तो पुष्कळ मोठ्या माणसांत असतो, निरुपद्रवी.

‘दूध बंद करायचं का? आणि तंबाखूतला चुना?’ कॅल्शियम हा शब्द ऐकून मामांच्या मुलाने विचारलं. नळात क्षार धरतो तसं हे नाही. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि वय यांनी धमनीची भिंत दुखावते, तिथल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि कॅल्शियम साचतं. म्हणजे चुन्याला दोष नाही, तंबाखूला आहे. आतल्या थरात चरबीसोबत ते साचलं तर वाट अरुंद होते, गुठळी धरू शकते. भिंतीतल्या लवचीक पडद्यात साचलं तर धमनी ताठ होते, हृदयाच्या ठोक्याचा दणका जिरवत नाही, आणि तो पुढच्या बारीक वाहिन्यांना सोसावा लागतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे ज्येष्ठांचे स्कॅन करून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. त्यात असं कॅल्शियम जास्त असलेल्यांना पक्षाघाताचा आणि स्मृतिभ्रंशाचाही धोका जास्त आढळला.

तरीही रिपोर्टमध्ये या कमानींच्या वाट्याला बहुतेकदा एकच ओळ येते, तीही खाली. ‘रक्तस्राव नाही’ एवढं ऐकून नातेवाईक कागद घडी करून ठेवतात. मला हे फार खटकतं. साचलेलं कॅल्शियम विरघळवणारं औषध आज नाही. हातात उरते ती रोजची बीपीची गोळी, आणि तीच मामांनी ‘बरं वाटतंय’ म्हणून हळद काढणीच्या गडबडीत सोडली होती.

डॉक्टरांनी ती ओळ मुलाला वाचून दाखवली, अर्थ सांगितला. मग त्याचं वय विचारलं आणि बीपी मोजायला त्यालाच स्टुलावर बसवलं.