पुढून ओढणारे छोटे टेम्पो : ओळख, गुण आणि दोष

बैलगाडीला बैल कधी मागे जुंपलेले पाहिलेत का? बैल पुढे आणि गाडी त्यांच्या मागे, ही आपल्या नजरेची सवय. बहुतेक मालवाहू मोटारींचे मात्र उलटे आहे. इंजिन पुढे किंवा मधे असते, त्याची ताकद शाफ्टने मागच्या चाकांपर्यंत नेतात आणि मागची चाके गाडीला पुढे ढकलतात. ट्रक, पिकअप, आपला 'छोटा हत्ती', सगळे याच जातीचे. पण काही छोटे टेम्पो जगात असेही झाले, की ते बैलगाडीसारखे पुढच्या चाकांनी ओढतात. त्यांची संख्या थोडी, रूप जरा विचित्र, पण ज्यांना त्यांचे वेड लागले ते सहजासहजी सुटत नाही. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक.

हे वेड फुकटचे नाही. भाजीपाला, दूध, फुले, अंडी असा रोजचा तीनचारशे किलो माल बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याने गाडी घेताना कोणती चाके गाडी ओढतात हे पाहिलेच पाहिजे. चिखलातून निघणे, घाट चढणे आणि उताराला वळण घेणे, तिन्ही त्यावर अवलंबून असतात.

'टेम्पो' हा शब्द आला कुठून?

आपण कोणत्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. मुळात हे एका जर्मन कारखान्याचे नाव. हॅम्बुर्गजवळ हारबुर्ग येथे 'विडाल अँड सोन' हा कारखाना टेम्पो नावाने गाड्या बनवी. १९५८ साली फिरोदिया यांनी या कारखान्याच्या सहकार्याने आपल्याकडे 'बजाज टेम्पो' सुरू केली. २००५ साली तिचे नाव 'फोर्स मोटर्स' झाले. कंपनीचे नाव बदलले, पण लोकांच्या तोंडचा 'टेम्पो' काही गेला नाही.

बजाज टेम्पोची सुरुवातीची गाडी म्हणजे तीनचाकी 'हॅन्सिएट'. पुढे एकच चाक आणि मागे दोन चाकांवर हौदा. तिची गंमत अशी, की इंजिन त्या पुढच्या चाकाजवळच बसवलेले आणि त्याची ताकद साखळीने थेट त्याच चाकाला. मागची दोन चाके नुसती भार वाहणारी. म्हणजे बैल पुढे, गाडी मागे! जुन्या मंडळींना तिचा तो टू-स्ट्रोकचा फटफट आवाज अजून आठवत असेल.

पुढे आली 'मॅटॅडोर'. दुधाचे कॅन असोत, भाजीची पोती असोत की वऱ्हाडी मंडळी असोत, एके काळी गावोगाव हीच गाडी. तिच्यात मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेले डिझेल इंजिन बसू लागले. अनेकांच्या हे ध्यानातही आले नसेल, पण मॅटॅडोरही पुढच्या चाकांनीच ओढणारी गाडी होती. मागे डिफरन्शियल नाही, मधून शाफ्ट नाही, त्यामुळे तिचा तळ जमिनीच्या बराच जवळ. माल चढवणाऱ्या हमालाला विचारा, वीतभर कमी उचलावे लागले तर दिवसाअखेर पाठीला काय फरक पडतो ते.

अंडी न फुटता शेतातून

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीचे प्रमुख पियेर बुलांजे यांनी १९३० च्या दशकात आपल्या इंजिनिअरांपुढे एक अट ठेवली. गाडी अशी हवी, की तिच्यात दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे बसावेत, आणि नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी नेली तरी एकही फुटू नये. पेट्रोल पिणेही अगदी कमी हवे. म्हणजे घोडागाडी वापरणाऱ्या शेतकऱ्याला समोर ठेवूनच हे काम सुरू झाले. मधे महायुद्ध आले. तयार झालेले नमुने जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून लपवून ठेवले गेले. शेवटी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ही '२ सीव्ही' गाडी लोकांपुढे आली. इंजिन अवघे ३७५ सीसीचे. १९५१ मध्ये तिचीच मालवाहू व्हॅन निघाली. तिची क्षमता २५० किलो, म्हणजे टोमॅटोचे बाराएक कॅरेट.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या स्प्रिंगा तिच्यात एकमेकींना जोडलेल्या होत्या. पुढचे चाक खड्ड्यात गेले की धक्क्याचा काही भाग मागे वाटला जाई. आपल्याकडे द्राक्षे, अंजीर, टोमॅटो बाजारात पोहोचेपर्यंत खालच्या थराचा जो चेंदामेंदा होतो तो पाहिला, की त्या अंड्यांच्या अटीचे मोल कळते.

कोंबडीमुळे लागलेला कर

कुक्कुटपालन करणाऱ्यांनी हा किस्सा जरूर वाचावा. १९६० च्या सुमारास अमेरिकेतून स्वस्त कोंबडी युरोपात जाऊ लागली. तिथल्या शेतकऱ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून युरोपीय देशांनी तिच्यावर जकात वाढवली. अमेरिकेला राग आला. १९६३ च्या डिसेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयात कर लावला. बाकी मालावरचा कर पुढे उतरला, हलक्या ट्रकवरचा मात्र तसाच राहिला. त्याला आजही लोक 'कोंबडी कर' म्हणतात. भांडण कोंबडीचे आणि दंड ट्रकला!

या करामुळे परदेशी छोट्या पिकअपची अमेरिकेची वाट अवघड झाली. फोक्सवॅगनने आपल्या 'रॅबिट' मोटारीवरून बेतलेली पिकअप पेनसिल्व्हेनियातील कारखान्यातच बनवली, त्यामुळे तिला हा कर लागला नाही. पुढची चाके ओढणारी, सुमारे अर्ध्या टनाची आणि डिझेलवरही मिळणारी ही गाडी १९८४ पर्यंत तिथे निघाली. डॉजनेही १९८२ ते १९८४ या काळात 'रॅम्पेज' नावाची अशीच पिकअप काढली. दोन्ही तिथे टिकल्या नाहीत. आता हौशी मंडळी त्या शोधून, धुऊनपुसून जपतात.

ब्राझीलमध्ये मात्र या जातीने चांगलेच मूळ धरले. फियाटची 'स्ट्राडा' ही पुढून ओढणारी छोटी पिकअप १९९८ पासून तिथे बनते आणि २०२१ साली ती त्या देशात सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली. तेव्हा ही जात निव्वळ हौसेची आहे असे कोणी समजू नये.

गुण कोणते, दोष कोणते?

पहिला गुण वर आलाच, हौद्याचा तळ खाली. दुसरा असा, की इंजिनाचे ओझे ओढणाऱ्या चाकांवरच असल्याने रिकामी गाडी पाणंद रस्त्याच्या चिखलातून बरी निघते. मागून ढकलणारी रिकामी पिकअप अशा वेळी शेपूट हलवत बांधाला लागते, हा अनुभव अनेकांना असेल.

आता दोष. यासाठी थोडे गणित करू. समजा, गाडीचे वजन १००० किलो. त्यातले ६०० किलो पुढच्या चाकांवर, ४०० मागच्या.

बरोबर मागच्या आसावर ५०० किलो माल ठेवला, तर पुढे ६०० च राहतात, पण एकूण वजन होते १५००. म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर फक्त ४० टक्के भार. बैलाच्या मानेवर जू टेकतच नाही म्हणा ना.

तोच माल केबिनकडे सरकवून रचला, तर पुढच्या चाकांवर साधारण ७२५ किलो येऊ शकतात. म्हणजे जवळजवळ निम्मा भार.

आणि तोच माल फाळक्याकडे, आसाच्याही मागे गेला, तर गाडीचे नाक उचलले जाते. पुढे ५०० च उरले, तर भार फक्त ३३ टक्के. चढाला चाके जागेवर फिरतील. त्याहून वाईट म्हणजे स्टेअरिंग हलके होईल आणि घाटाच्या वळणावर गाडी ऐकणार नाही.

म्हणून भरलेल्या गाडीने ओला घाट चढणे हा या जातीचा कच्चा दुवा. हेच गणित मागून ढकलणाऱ्या गाडीला लावा. मागच्या आसावर माल पडताच ढकलणाऱ्या चाकांवर १५०० पैकी ९०० किलो, म्हणजे ६० टक्के भार येतो. आपल्याकडे २००५ मध्ये आलेला टाटा एस किंवा नंतरची मारुती सुपर कॅरी मागच्या चाकांवर चालतात, त्यामागचा फायदा यातून कळतो. आपला माल जड, रस्ते चढउताराचे, आणि पासिंगपेक्षा जास्त भरायची खोड तर सर्वांनाच!

तुमच्या कामाच्या चार गोष्टी

१) गाडी घेण्यापूर्वी एक आठवडा वहीत लिहा. रोज किती किलो नेता, किती वेळा रिकामे परतता, वाटेत घाट किती. गाडी शेजाऱ्याची पाहून नव्हे, या वहीवरून ठरवा.

२) गाडी कोणत्याही जातीची असो, जड पोती आधी आणि केबिनला चिकटून रचा, हलका माल फाळक्याकडे. हौद्याबाहेर लोंबणारा ऊस, कडबा नाक उचलतो, हे विसरू नका.

३) जुनी, पुढून ओढणारी गाडी मिळत असेल तर पुढच्या चाकांच्या आतील रबरी बूट पाहा. ते फाटले की ग्रीस बाहेर जाते, माती आत जाते आणि जॉइंट खलास होतो. पूर्ण वळण घेऊन गाडी हळू चालवा. कटकट आवाज आला तर खर्च आला समजा. पुढचे टायरही लवकर झिजतात.

४) जुन्या गाडीची फिटनेस, विमा आणि नोंदणीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

एखाद्या वाड्याच्या मागे, गोठ्याशेजारी जुनी हॅन्सिएट किंवा मॅटॅडोर गंजत पडली असेल, तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी तरुण पोरांना ती एकदा वाकून पाहू द्या. इंजिनाची ताकद कोणत्या वाटेने चाकाला जाते हे त्यांना तिथे डोळ्यांनी दिसेल. ज्या पोराला हे समजले, तो उद्या तुमचा माल भरताना पोते कुठे ठेवायचे हे चुकणार नाही, आणि घाटात तुमची गाडी तुमच्या ताब्यात राहील.