पिवळं उद्गारचिन्ह म्हणजे कार्ड गेलं?

जुन्या संगणकात विंडोज एक्सपी नव्याने टाकली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’समोर पिवळं उद्गारचिन्ह दिसतं आणि बघणारा निदान करून मोकळा होतो: कार्ड गेलं. बहुतेक वेळा घडलेलं असतं ते वेगळंच. कार्डाने विंडोजला आपली ओळख दिलेली असते, त्याला चालवणारा ड्रायव्हर तेवढा मिळालेला नसतो. पार मेलेलं कार्ड सहसा त्या यादीत येतच नाही.

तसाच समज कार्डाच्या मागच्या हिरव्या दिव्याबद्दल. तो लागला म्हणून ड्रायव्हर बसला असं होत नाही. केबल आणि पलीकडचा स्विच यांच्याशी जोडणी जुळल्याची ती खूण. ड्रायव्हर नसतानाही तो लागू शकतो.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर शोधण्यात. ड्रायव्हर लागतो चिपसाठी. डी-लिंकच्या डीएफई-५३०टीएक्स या कार्डावर व्हीआयएची ‘ऱ्हाइन’ चिप होती, तर नावापुढे फक्त अधिकचं चिन्ह असलेल्या भावंडावर रिअलटेकची ८१३९. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. उलट, रिअलटेक ८१३९ कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त कार्डांवर सापडते आणि तिचा एकच ड्रायव्हर बहुतेकांना चालतो. म्हणून केसिंग उघडून चिपवरची अक्षरं वाचावीत. ते नको असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या गुणधर्मांच्या ‘डिटेल्स’ टॅबमधला हार्डवेअर आयडी बघावा. त्यात दोन क्रमांक कामाचे: पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०बी७ म्हणजे थ्रीकॉम. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा! या दोन क्रमांकांवरून शोधलेला ड्रायव्हर क्वचितच चुकतो.

त्याहून जुन्या, आयएसए स्लॉटमधल्या कार्डांचं दुखणं निराळं. तिथे ड्रायव्हर अचूक असूनही कार्ड गप्प बसतं, कारण भांडण आयआरक्यूचं, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधण्यासाठी कार्ड वापरतं त्या क्रमांकाच्या ओळीचं असतं. एनई२००० धाटणीची अनेक कार्डं आयआरक्यू ३ वर यायची आणि कॉम २ हा सीरियल पोर्टही तोच वापरायचा. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हापुन्हा काढून घालण्याने काहीच साधत नाही. काही कार्डांवर जंपर हलवावा लागे. थ्रीकॉमच्या ३सी५०९ ला जंपर नव्हते. डॉसमधून त्याचा सेटअप प्रोग्रॅम चालवून मोकळा आयआरक्यू, बहुधा १०, कार्डातच साठवायचा आणि बायोसमध्ये तो ‘लेगसी आयएसए’साठी राखून ठेवायचा.

नवीन तो ड्रायव्हर चांगला, हेही सरसकट खरं नाही. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालतच नाही, मग तो कितीही ताजा असो.

कार्डाचाच संशय असेल तर लाइव्ह लिनक्सच्या सीडीवरून संगणक सुरू करावा. ८१३९ सारख्या चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलसोबतच येतात. तिथे नेट चाललं की कार्ड निर्दोष सुटलं.

आणि ड्रायव्हर बसूनही नेट नाही, आयपी पत्ता मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो, तेव्हा ड्रायव्हरला हात लावू नये. आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर न आल्यामुळे विंडोजने तो पत्ता स्वतःच घेतलेला असतो. आधी केबल आणि राउटर तपासावा.