तायक्वांदो वर्गाविषयी पालकांच्या मनातील काही प्रश्न

आपल्या निवासी शाळेत पाल्याला दाखल करताना पालक प्रथम वसतिगृह, भोजन आणि दहावीचा निकाल यांची चौकशी करतात. पहाटेच्या तायक्वांदो वर्गाचा विषय त्यानंतर निघतो आणि मग मात्र प्रश्नांना खळ पडत नाही. ते स्वाभाविकच आहे. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला कुस्ती आणि कबड्डी घरच्यासारखी. हा खेळ कोरियातून आलेला. ‘ते’ म्हणजे पायाचा प्रहार, ‘क्वोन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. हे नाव रूढ झाले १९५५ मध्ये, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून त्यात पदके दिली जातात.

सर्वांत कळीचा प्रश्न विचारतात ते बहुधा आजोबा. वर्ग सुरू होताना आणि संपताना मुले कमरेत वाकतात. हे वाकणे कशासाठी? ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर उभे राहून जोहार घालावा लागला, आणि ज्याने बाबासाहेबांच्या प्रेरणेने ती मान ताठ केली, त्या समाजातील वडीलधाऱ्यांनी हे विचारलेच पाहिजे. उत्तर मैदानावर पाहता येते. जोहार एकाच बाजूने घातला जाई. येथे दोन्ही खेळाडू एकाच वेळी, सारखेच वाकतात. प्रशिक्षकही विद्यार्थ्यांच्या अभिवादनाला वाकूनच उत्तर देतो. आठवीतला मुलगा पाचवीतल्या मुलासमोर उभा राहिला तरी रीत बदलत नाही. एखादा प्रशिक्षक केवळ मुलांना वाकायला लावत असेल आणि स्वतः ताठ उभा राहत असेल, तर तेथे पालकांनी अवश्य हरकत घ्यावी.

दुसरा प्रश्न अहिंसेचा. पंचशील ग्रहण करणाऱ्या मुलाला लाथा मारायला शिकवणे योग्य काय? याचे समर्थन करण्याच्या भरात काही जण तायक्वांदो ही बौद्ध भिक्खूंचीच देणगी असल्याचे सांगतात. ते ग्राह्य धरता येत नाही. कोरियातील सिल्ला राज्यात भिक्खू वॉनग्वांग यांनी दोन तरुणांना आचरणाचे पाच नियम दिले होते. लढाईत माघार घेऊ नये आणि विचार न करता कोणाचा जीव घेऊ नये, हे त्यांतले दोन. बाराव्या शतकातील कोरियन इतिहासग्रंथात त्याची नोंद आहे. परंतु आजचा तायक्वांदो विसाव्या शतकाच्या मध्यास घडला आणि त्यावर जपानी कराटेचा प्रभाव स्पष्ट आहे. बौद्ध परंपरेच्या खुणा मात्र त्यात आढळतात. पूमसे, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम. ब्लॅक बेल्टनंतरच्या ‘कुमगांग’ या पूमसेच्या नावाचा अर्थ वज्र, आणि अखेरच्या ‘इल्यो’ पूमसेतील पावलांची रेषा बौद्ध स्वस्तिकाच्या आकाराची असते.

अहिंसेचे खरे उत्तर नियमांत आहे. चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, कमरेखाली प्रहार चालत नाही, खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर प्रहार केला तर दंड बसतो. डोक्याला, छातीला, हातापायांना संरक्षक साधने असतात. तरीही मुका मार लागतो, घोटा मुरगळतो. इजा होतच नाही असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. साधनांविना लढत लावणे हा मात्र गुन्हाच समजावा.

‘सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट मिळेल का?’ असेही विचारले जाते. पांढऱ्यापासून पिवळा, हिरवा, निळा, लाल असे टप्पे ओलांडून तेथवर पोहोचण्यास नियमित सरावाची साधारण तीन वर्षे तरी लागतात. पंधरा वर्षांखालील मुलांना ‘दान’ऐवजी ‘पूम’ श्रेणी मिळते. दर परीक्षेला शुल्क असते आणि मोलमजुरी करणाऱ्या घराला ते जाणवते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी प्रमाणपत्र कोणाचे, हे विचारावे. आपल्या देशात या खेळाच्या एकाहून अधिक संघटना असून मान्यतेचे वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत. सोलमधील कुक्कीवॉन या १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेच्या दान व पूम प्रमाणपत्रांवर क्रमांक असतो व तो पडताळता येतो.

येथे एक गैरसमज फार महागात पडतो. शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षण बेल्टवर मिळत नाही. शासनाने ठरवून दिलेल्या स्पर्धांतील प्रावीण्य त्यासाठी लागते आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. मार्ग शालेय स्पर्धांचा आहे: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, प्रथम जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आपले दोन्ही जिल्हे नाशिक विभागात मोडतात. कपाटात ब्लॅक बेल्ट आणि हाती स्पर्धेचा एकही कागद नाही, अशी स्थिती येऊ नये.

मुलींबाबत प्रश्न विचारला जात नाही, निर्णयच कळवला जातो. सातवी-आठवीत गेली की ‘आता पुरे’ असा निरोप येतो, आणि तो नेमका अशा वेळी येतो की तिची लवचिकता व समज दोन्ही बहरात असतात. गणवेश, ज्याला डोबोक म्हणतात, सैल व पूर्ण अंगभर असतो. मासिक पाळीत सराव केल्याने अपाय होत नाही. त्रास वाटल्यास विश्रांती घ्यावी, एवढेच. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे चार वजनगट आहेत, तसेच स्त्रियांचेही चारच. पालकांनी आग्रह धरायचाच असेल तर मुलींच्या वर्गाला महिला प्रशिक्षक किंवा अधीक्षिका उपस्थित असावी, असा धरावा. तो रास्त आहे.

आहाराविषयी थोडक्यात. डब्यातल्या महागड्या पावडरींची गरज नाही. कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, उसळ, अंडी आणि जळगावची केळी यांवर या वयाचा खेळाडू उत्तम घडतो. एप्रिल-मे महिन्यांत खान्देशात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत सराव सूर्य वर येण्यापूर्वी संपवावा आणि मुलाजवळ पाण्याची स्वतंत्र बाटली द्यावी. जूनमध्ये पाल्याला सोडण्यास याल तेव्हा जुन्या दुखापती, दमा किंवा फिट येण्याचा इतिहास असल्यास तो प्रवेशअर्जावर लिहावा. दम्याचा मुलगा खेळू शकतो, पण प्रशिक्षकाला ते आधी ठाऊक हवे.