दोन बोटांचा उतार

पाण्याला उतार हवा असतो आणि चाकाला सपाटी. व्हीलचेअरवरून फिरणाऱ्या माणसासाठी वाट बांधायची म्हटलं, की सगळी अडचण या एका वाक्यात येते. वाट अगदी सपाट केली तर तिच्यावर पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि कुबडी सटकते. उतार जास्त दिला तर पाणी निघून जातं, पण खुर्चीही त्याच्यामागोमाग गटाराकडे ओढली जाते. या दोन्हींच्या मधली जागा कशी साधायची, हे आज मला सांगायचं आहे. उदाहरण घेतलं आहे ते जखमी सैनिकांच्या रुग्णालयाच्या आवाराचं, कारण ही परीक्षा तिथे सर्वांत कडक असते.

मी स्थापत्य अभियंता, गाव मोरगाव. आमच्या बारामती-पुरंदरच्या पट्ट्यातून सैन्यात गेलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी कुणी मोठा जायबंदी झाला, तर आमचा रस्ता पुण्याकडेच जातो. पुण्याला या कामाची जुनी परंपरा आहे. अपंग सैनिकांना हातचं काम शिकवणारी, आज खडकीला असलेली क्वीन मेरीज संस्था १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ साली उभं राहिलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले, हे तर आपण जाणतोच. पण पोहण्याच्या तलावात सुवर्ण मिळवणाऱ्या माणसालाही तलावापर्यंत जायला वाट लागते. माझा विषय त्या वाटेचा.

अशा आवारात कोण कोण फिरतं, ते आधी पाहू. कमरेखाली संवेदना नसलेला जवान फक्त हातांच्या बळावर खुर्ची ढकलतो. पाय खरचटला, ओला राहिला, तर त्याला कळत नाही आणि साध्या जखमेचं पुढे मोठं दुखणं होतं. खाचखळग्यांचे हादरे त्याच्या पाठीला आणि बैठकीला सोसावे लागतात. कृत्रिम पाय लावलेल्या माणसाचा घोटा आपल्यासारखा वळत नाही, त्यामुळे त्याला चढापेक्षा उतार अवघड जातो. कुबडीचा सगळा भार रबराच्या एका लहानशा टोपणावर असतो. दृष्टी गेलेला माणूस पांढऱ्या काठीनं कडा चाचपतो. शिवाय वय झालेले माजी सैनिक आणि त्यांच्या घरची मंडळी असतात. या सगळ्यांना पुरी पडेल अशी एकच वाट बांधायची असते.

आता उताराचं गणित. वाटेच्या रुंदीत, म्हणजे एका कडेकडून दुसरीकडे, जो उतार देतात तो एकास पन्नासपेक्षा जास्त नसावा. पन्नास फूट अंतरात एक फूट उतरणं, याला एकास पन्नास म्हणायचं. दोन खुर्च्या एकमेकींजवळून जाव्यात म्हणून वाट १.८ मीटर रुंद धरली, तर एका कडेपासून दुसरीपर्यंत फरक पडतो ३६ मिलिमीटरचा. जेमतेम दोन बोटं. एवढ्या उतारावर पाणी वाहतं आणि खुर्चीही सरळ चालते. तो दुप्पट केला, की खुर्ची सतत एका बाजूला वळू पाहते. बसलेल्या माणसाला मग एकाच हातानं जास्त जोर लावावा लागतो, आणि शंभर मीटरमध्ये त्याचा खांदा भरून येतो. उलट गवंड्यानं अंदाजानं एक बोट कमी दिलं, तर डबकं ठरलेलं.

लांबीतला उतार, म्हणजे रॅम्प, एकास बारापेक्षा खडा नको. तीन पायऱ्यांचं, ४५ सेंटिमीटरचं जोतं असेल तर रॅम्प निदान ५.४ मीटर लांब हवा. जागा असेल तर मी एकास वीसच धरतो, म्हणजे तोच रॅम्प ९ मीटरचा होतो. पण इथे पाण्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. रॅम्पवर पडलेलं पाणी उतरून पायथ्याशी जमतं. खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांनी वळायचं असतं ते नेमकं तिथेच. म्हणून छपराच्या पन्हाळीचं पाणी रॅम्पवर सोडायचं नाही, ते पाइपातून जमिनीखाली न्यायचं. रॅम्पच्या वरच्या टोकाशी एक अरुंद आडवी जाळीची नाली द्यायची, आणि पायथ्याच्या सपाटीलाही बाहेरच्या बाजूला हलका उतार ठेवायचा.

फुटपाथ जिथे रस्त्याला टेकतो तिथेही हेच. कडेचा दगड उतरता करून खुर्चीसाठी वाट केली, की तो त्या रस्त्याचा सर्वांत सखल भाग होतो आणि सगळं पाणी तिकडे धावतं. म्हणून पावसाच्या पाण्याचं चेंबर त्या उतरत्या जागेच्या अलीकडे, पाणी येतं त्या बाजूला घ्यावं. पाणी माणसाच्या पायाशी पोहोचण्याआधीच खाली उतरलं पाहिजे.

जाळीची गोष्ट लहान, पण अपघात तिच्यामुळेच होतात. खुर्चीची पुढची चाकं अरुंद असतात. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेनं लावल्या, तर चाक फटीत उतरून अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. फट बारा मिलिमीटरच्या आत आणि पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं. चेंबरचं झाकण वाटेच्या बाहेर असावं, आणि वाटेत घ्यावंच लागलं तर फरशीच्या समपातळीत. दृष्टिहीनांसाठी ज्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या आपण रेल्वे स्थानकांवर पाहतो, त्या १९६७ साली जपानमध्ये पहिल्यांदा बसवल्या गेल्या. त्या रांगेच्या मधोमध चेंबरचं झाकण आलं, तर काठीला दिशाच सापडत नाही.

आता पाण्याचा अंदाज. आमचं मोरगाव पर्जन्यछायेतलं. टँकर आम्हाला नवे नाहीत. त्यामुळे गटार ही चैन वाटते. पण थोडा पाऊस म्हणजे हळू पाऊस नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्रीच्या पावसानं एरवी कोरडी दिसणारी कऱ्हा पात्र सोडून वाहिली होती. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर आवारावर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ते पाणी होतं पाच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. छपरं, डांबर आणि फरशी यांवर पडलेलं जवळजवळ सगळं वाहत येतं. नाली वर्षाच्या सरासरीवर नव्हे, अशा एका तासावर बेतायची असते.

त्यात आपल्याकडची काळी माती. ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हर ब्लॉक बसवले, तर दोन पावसाळ्यांत वाट लाटांसारखी होते आणि ते दोन बोटांचं गणित कागदावरच राहतं. माती काढून मुरूम भरावा, थराथरानं दाबावा, कडेला पक्की पट्टी बांधावी आणि मगच ब्लॉक बसवावेत. वाटेखाली पाणी मुरू न देणं हेही निचऱ्याचंच काम आहे.

मला वाटतं, खरी अडचण गणितात नसते, कामाच्या वाटणीत असते. मी पाहिलेल्या एका आवारात फुटपाथ एका कंत्राटदारानं केला आणि गटार वर्षभरानं दुसऱ्यानं. गटाराचा काठ फुटपाथपेक्षा चार बोटं वर आला. दोघांचंही काम आपापल्या नकाशाप्रमाणे बरोबर होतं. पाणी मात्र वॉर्डच्या दाराशी थांबलं, आणि खुर्चीवरच्या माणसांना पावसाळाभर कुणाच्या तरी हाताची वाट पाहावी लागली. म्हणून वाट आणि पाणी एकाच नकाशावर असावं, दोन्हींच्या पातळ्या एकाच खुणेवरून मोजाव्यात. काम दिवाळीनंतर सुरू करावं आणि पाणी जिथे बाहेर पडतं त्या टोकाकडून वर बांधत यावं. रुग्णालय बंद ठेवता येत नाही, तेव्हा एक वाट उखडण्याआधी दुसरी चालू हवी. बिल मंजूर करण्यापूर्वी दोन परीक्षा घ्याव्यात. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहावं. मग तिथे राहणाऱ्या एखाद्या जवानाला एकट्यानं वॉर्डपासून कार्यशाळेपर्यंत जायला सांगावं. तो जिथे थांबेल, तिथे खडूनं खूण करावी.

यात कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सुगम्यता बंधनकारक केली. तरी नियमांतली मानकं शिफारशींसारखीच राहिली होती. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान मानकं सक्तीची करा, असा आदेश केंद्र सरकारला दिला.

जखमी सैनिकासाठी केलेली सोय त्याच्यापुरती राहत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू शहरात १९४५ साली जॅक फिशर या जायबंदी माजी सैनिकानं आग्रह धरला आणि रस्त्याच्या कडा उतरत्या करून पाहण्यात आल्या. आज जगभर त्याच कडांवरून बाबागाड्या आणि सामानाच्या बॅगा जातात. आमच्या मोरगावात चतुर्थीला मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांची संख्या मोठी असते. त्यांच्या गुडघ्यांना उताराचं हेच गणित लागू पडतं. तेव्हा तुमच्या गावात, शाळेत किंवा दवाखान्यात पुढच्या वेळी फरशी बसवण्याचं काम निघालं, की अंदाजपत्रकाच्या बैठकीत एवढंच विचारा: पाणी कुठून जाणार आणि खुर्ची कुठून? उत्तर एकाच नकाशावर दाखवा म्हणावं.