विश्लेषण : लांब नव्हे, जवळ! डिस्क गोल्फमध्ये ‘अप्रोच’साठी पटर कसा निवडायचा?

अमेरिकेतील युटा राज्यातल्या ऑग्डेन शहरात जून २०२१ मध्ये डिस्क गोल्फची व्यावसायिक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अखेरच्या होलवर येऊन ठेपली होती. त्याआधी पाच वेळा जगज्जेता ठरलेला पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे होता. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स कॉनरॅड बास्केटपासून २४७ फूट, म्हणजे सुमारे ७५ मीटर दूर उभा होता. त्याने फेकलेली चकती थेट बास्केटच्या साखळ्यांत जाऊन विसावली. बरोबरी झाली आणि जादा होलवर कॉनरॅड विजेता ठरला. त्या फेकीसाठी त्याने लांब पल्ल्याची चकती निवडली नव्हती. त्याच्या हातात ‘एन्व्ही’ नावाचा पटर होता, म्हणजे एरवी बास्केटजवळच्या कामासाठी ओळखला जाणारा चकतीचा प्रकार. इतक्या दुरून पटर का फेकतात आणि तो निवडताना काय पाहतात, याविषयी…

डिस्क गोल्फ नेमका काय खेळ आहे?

नियम गोल्फसारखेच, फक्त चेंडू आणि काठीच्या जागी प्लॅस्टिकची चकती. ‘टी’पासून फेक सुरू करायची, चकती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची. ‘व्हॅम-ओ’ कंपनीत फ्रिस्बीच्या रचनेवर काम केलेले एड हेड्रिक या खेळाचे जनक मानले जातात. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी हेड्रिक यांनी ‘प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन’ म्हणजे ‘पीडीजीए’ची स्थापना केली. अमेरिका, फिनलंड, स्वीडन, एस्टोनिया येथे हा खेळ चांगलाच रुजला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सार्वजनिक उद्यानांत झाडांच्या अधेमधे साखळ्या लटकवलेले लोखंडी खांब दिसतात, ते याच खेळाचे.

‘अप्रोच’ फेक इतकी महत्त्वाची का?

या खेळात फेकींचे ढोबळमानाने तीन टप्पे असतात. पहिली फेक अंतर कापण्यासाठी, शेवटची बास्केटमध्ये टाकण्यासाठी. या दोहोंच्या मधली, चकती बास्केटजवळ नेऊन ठेवणारी फेक म्हणजे अप्रोच. नियमांनुसार बास्केटपासून १० मीटरच्या आत ‘पटिंग’चे क्षेत्र सुरू होते. तिथे चकती सोडल्यावर तोल पूर्ण सावरल्याशिवाय खेळाडूला पुढे पाऊल टाकता येत नाही. या वर्तुळाच्या आत, तेही चार-पाच मीटरवर चकती पोहोचली तर पुढची फेक बहुधा सोपी असते. तीच १५ मीटरवर थांबली, किंवा जमिनीवर आपटून घसरत सीमारेषेबाहेर गेली, तर एखादी फेक हकनाक वाढते. ७०-८० मीटर लांब फेकण्याची ताकद सरावाने बऱ्याच जणांकडे येते. चकती हव्या त्या जागी थांबवणे अवघड असते. म्हणूनच अप्रोचच्या पटरची पहिली कसोटी ‘तो किती दूर जातो’ ही नसून ‘तो कुठे थांबतो’ ही आहे.

पटर इतर चकत्यांहून वेगळा कसा?

डिस्क गोल्फच्या चकत्यांचे मुख्य प्रकार तीन : ड्रायव्हर, मिडरेंज आणि पटर. ड्रायव्हरची कड रुंद आणि धारदार असते. नियमांनुसार ही रुंदी २.६ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. अशी चकती हवा कापत वेगाने जाते, पण तिला तसा वेग न मिळाल्यास ती लवकर वळून खाली येते. पटरची कड अरुंद, बोथट आणि तुलनेने खोल असते. त्यामुळे तो सावकाश उडतो, कमी वेगातही सरळ राहतो आणि जमिनीला लागल्यावर फार पुढे पळत नाही. ड्रायव्हर हळू फेकून ५० मीटरवर थांबवण्याचा प्रयत्न म्हणजे पाचव्या गिअरमध्ये गल्लीतून गाडी नेण्यासारखे. गाडी चालते, पण ताबा राहत नाही.

चकतीवरचे चार आकडे काय सांगतात?

बहुतेक चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात. अमेरिकेतील ‘इनोव्हा’ कंपनीने रूढ केलेली ही पद्धत आता बहुतांश उत्पादक वापरतात. पहिला आकडा वेगाचा : चकती नीट उडण्यासाठी किती वेग लागतो. दुसरा तरंगण्याचा : ती हवेत किती वेळ राहते. तिसरा, वेग जास्त असताना ती किती वळते याचा. चौथा, वेग कमी झाल्यावर ती उलट बाजूला किती झुकते याचा. उजव्या हाताच्या खेळाडूने ‘बॅकहँड’ फेकल्यास चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ती वेगात असताना उजवीकडे आणि शेवटी डावीकडे वळू पाहते. ‘फोरहँड’ फेकीत फिरण्याची दिशा उलटते, म्हणून वळणेही उलटतात.

यामागे साधे विज्ञान आहे. हवेच्या दाबाचा केंद्रबिंदू उड्डाणात जागा बदलतो. वेग कमी होताना तो चकतीच्या मध्यापुढे सरकतो आणि पुढची कड वर ढकलतो. मात्र चकती भोवऱ्यासारखी फिरत असल्याने हा धक्का तिला वर न उचलता बाजूला कलवतो. शेवटचे वळण येते ते यामुळे.

अप्रोचसाठी कोणते आकडे पाहावेत?

शेवटचे दोन आणि दुसरा. ‘इनोव्हा’चा ‘एव्हिआर’ हा जुना व लोकप्रिय पटर २, ३, ०, १ असा आहे. म्हणजे जवळपास सरळ जाणारा आणि शेवटी किंचितच वळणारा. ‘डिस्कक्राफ्ट’चा ‘झोन’ ४, ३, ०, ३ आहे. तो जोरात फेकला तरी उजवीकडे भरकटत नाही आणि शेवटी हमखास डावीकडे वळून खाली येतो. अशा चकतीला खेळाडू ‘ओव्हरस्टेबल’ म्हणतात. स्वीडनच्या ‘कास्टाप्लास्ट’चा ‘बर्ग’ १, १, ०, २ आहे. त्याचा तरंगण्याचा आकडा अवघा १ असल्याने तो जोर संपताच खाली बसतो. नवख्याला हा दोष वाटेल, पण बास्केट ओलांडून पुढे जाण्याची भीती ज्याला वाटते त्याच्यासाठी तोच गुण आहे.

समोर मोकळी वाट असेल आणि चकती सरळ नेऊन ठेवायची असेल, तर एव्हिआरसारखा पटर. झाडाला वळसा घालायचा असेल, समोरून वारा असेल किंवा फोरहँड फेकायचे असेल, तर झोनसारखा. फोरहँडमध्ये अनेकांची चकती सुटताना डगमगते आणि ओव्हरस्टेबल पटर तो डगमगाट बऱ्यापैकी सोसतो. मात्र हे आकडे उत्पादकच ठरवतात. दोन कंपन्यांचा ‘३’ तंतोतंत सारखा असेलच असे नाही.

पटिंगचाच पटर अप्रोचला चालतो का?

चालतो, आणि सुरुवातीला एकच घेणे शहाणपणाचेही ठरते. पण खेळ वाढला की दोन अडचणी येतात. पहिली झिजेची. अप्रोचला चकती जोरात फेकली जाते, झाडांवर आणि दगडांवर आपटते. कडेला चरे पडले, ती किंचित वाकली की उड्डाण बदलते. सहसा चकती जुनी होत जाते तशी तिची उजवीकडे वळण्याची ओढ वाढते. जुना चेंडू जसा वेगळा वागू लागतो, तसेच हे. पटिंगसाठी मात्र रोज तशीच वागणारी चकती हवी असते. दुसरी अडचण स्वभावाची. पटिंगला सरळ आणि अलगद जाणारा पटर बरा वाटतो, तर अप्रोचला ठामपणे वळून थांबणारा. त्यामुळे बरेच खेळाडू पटिंगसाठी एक आणि फेकण्यासाठी दुसरा पटर ठेवतात. पिशवीत किती चकत्या असाव्यात यावर नियमांचे बंधन नाही.

प्लॅस्टिक आणि वजनाने काय फरक पडतो?

एकाच साच्याची चकती वेगवेगळ्या प्लॅस्टिकमध्ये मिळते. साधे प्लॅस्टिक स्वस्त असते, हाताला चांगली पकड देते आणि जमिनीवर कमी घसरते, पण लवकर झिजते. महाग प्लॅस्टिक टिकाऊ असते व उड्डाण दीर्घकाळ बदलत नाही, पण काही प्रकार गुळगुळीत असल्याने ओल्या हातातून निसटतात आणि कडक जमिनीवर पुढे सरकतात. थंडीत प्लॅस्टिक आणखी ताठ होते. म्हणून पटिंगसाठी साधे आणि अप्रोचसाठी टिकाऊ प्लॅस्टिक ही जोडी अनेकांना मानवते.

वजनाची मर्यादा पीडीजीएने आखून दिली आहे : व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. बहुतेक पटरचा व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने त्यांचे कमाल वजन १७५ ग्रॅमच्या जवळपास येते. जड पटर वाऱ्यात कमी हेलकावतो. हलका पटर कमी ताकदीच्या हाताला सोपा जातो, पण वाऱ्याची झुळूकही त्याला उचलते.

वारा आणि जमीन यांचा हिशेब कसा मांडतात?

समोरून वारा आला की चकतीला हवेचा वेग जास्त जाणवतो आणि ती उजवीकडे वळू लागते, शिवाय वर उचलली जाते. तिथे ओव्हरस्टेबल, कमी तरंगणारा पटर हवा. पाठीमागून वारा असेल तर उलट होते. चकती लवकर पडते आणि शेवटचे वळण वाढते, म्हणून अधिक तरंगणारा, सरळ पटर बरा.

जमिनीचेही तसेच. दाट, ओल्या गवतावर बहुतेक पटर पडतील तिथेच थांबतात. कोरड्या, कडक मातीवर मात्र चकती कोणत्या कोनात उतरते याला महत्त्व येते. सपाट उतरली तर घसरते, तिरकी आपटली तर कडेवर उभी राहून घरंगळू शकते. बास्केटमागे उतार किंवा पाणी असेल तर खेळाडू मुद्दाम चकती बास्केटच्या अलीकडे पडेल अशी फेकतात.

मग निवड करायची कशी?

आधी हातात धरून पाहावे. कडेच्या खालच्या बाजूला काही पटरना बारीक गोल उंचवटा असतो, काहींना नसतो. यातले काय बोटांना बरे वाटते हे ज्याचे त्याने ठरवायचे. पकड अवघडल्यास आकडे कितीही चांगले असोत, चकती सुटताना चुकणारच. त्यानंतर मैदानात ३०, ४५ आणि ६० मीटरवर खुणा कराव्यात. शक्य असल्यास मित्रांकडून दोन-तीन वेगळे पटर उसने घ्यावेत आणि प्रत्येक खुणेकडे प्रत्येकी दहा फेकी कराव्यात. मोजायचे ते सर्वांत चांगल्या फेकीचे अंतर नव्हे. दहाही चकत्या खुणेभोवती किती पसरल्या, हे मोजायचे. एखाद्या पटरच्या दोन फेकी खुणेला चिकटल्या आणि बाकीच्या विखुरल्या, तर तो बाजूला ठेवावा. ज्याच्या साऱ्या फेकी एकाच बाजूला पण एकमेकींजवळ पडतात तो उजवा, कारण ठरलेली चूक नेम बदलून सुधारता येते.

नवखे खेळाडू बहुधा आधी वेगवान ड्रायव्हर घेतात आणि पटर सर्वांत शेवटी. अनुभवी खेळाडूंचा सल्ला नेमका उलटा असतो. एक पटर घ्यावा, काही महिने सगळ्या फेकी त्यानेच कराव्यात. चकती सुटताना झालेली हाताची चूक वेगवान ड्रायव्हरच्या उड्डाणात लपून जाते, पटर ती लगेच दाखवतो. कॉनरॅडची ७५ मीटरवरची ती फेक थेट साखळ्यांत गेली, यात नशिबाचा वाटा होताच. पण इतक्या दुरून चकती बास्केटच्या आसपास राहील हा भरवसा नशिबाचा नसतो. एकच पटर हजारदा फेकल्यावर तो येतो.