खोक्यावरचे चित्र आणि खोक्यातले खेळणे

खेळण्याच्या खोक्यावर छापलेले चित्र आणि त्या खोक्यातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी मूर्ती यांच्यात जी तफावत आढळते, ती विक्रेत्याच्या लबाडीची खूण आहे असे बहुतेक पालक समजून चालतात. आणि काही प्रसंगी ते खरेही असते. परंतु चित्र व मूर्ती एकाच कारखान्याच्या नावाने बाजारात येत असली, तरी दोहोंची घडण निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या मुदतीत आणि पुष्कळदा निरनिराळ्या मूळ नमुन्यांवरून झालेली असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हीच विसंगती कारखानदारीच्या इतिहासाचा एक बोलका दस्तऐवज ठरते; आणि दस्तऐवज म्हणून ती वाचण्याजोगी आहे.

या वाचनाला अमेरिकेतील केनर कंपनीच्या ‘स्टार वॉर्स’ मूर्तींइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. हा चित्रपट 25 मे 1977 रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच्या पात्रांच्या मूर्तींना इतकी मागणी आली, की त्या वर्षीच्या नाताळापर्यंत एकही मूर्ती तयार करून देणे ओहायो राज्यातील सिनसिनाटीच्या या कंपनीला शक्य राहिले नाही. तेव्हा तिने मूर्तींऐवजी एक पाकीट विकले. त्यात पात्रांची चित्रे छापलेला पुठ्ठ्याचा मंच होता आणि एक प्रमाणपत्र होते. ते टपालाने पाठवले, म्हणजे पुढील वर्षी ल्यूक, लेया, चुबाका आणि आर-टू-डी-टू या चार मूर्ती घरपोच व्हावयाच्या होत्या. छपाई काही आठवड्यांत आटोपते, पोलादी साचा कोरण्यास महिनेच्या महिने लागतात, म्हणून चित्र पुढे आणि वस्तू मागे हा क्रम या धंद्यात नेहमीचाच आहे. येथे तो सर्वांच्या नजरेस पडला, एवढेच.

चित्र आधी छापावयाचे तर ते कशावरून घ्यावयाचे? एकतर चित्रपटातील छायाचित्रावरून, नाहीतर कुशल कारागिराने बारीक कुंचल्याने रंगवलेल्या आद्य नमुन्यावरून. कारखान्यातून हजारोंनी निघणाऱ्या मूर्तीला असा कुंचला कधी लाभत नाही. तिच्यावर रंगाचा फवारा धातूच्या कोरलेल्या आवरणातून मारला जातो, प्रत्येक रंगाला स्वतंत्र आवरण व स्वतंत्र मजुरी पडते, आणि सबब नमुन्यातील आठ-दहा छटांपैकी दोन-तीनच हिशेबात टिकतात. आकाराचीही तीच गत आहे. वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरतात व थंड झाल्यावर साच्याचे दोन भाग अलग करतात. या वेळी मूर्ती अडकू नये म्हणून तिच्या प्रत्येक उभ्या पृष्ठाला किंचित उतार द्यावा लागतो आणि आत वळलेल्या खाचा बुजवाव्या लागतात. पेणचा मूर्तिकार रबरी साचा वाकवून गणपतीच्या अंगावरून सोलून काढू शकतो. पोलादाला ते साधत नाही. त्यात एबीएससारखे प्लास्टिक निवताना सुमारे अर्ध्या टक्क्याने आकसते, आणि पातळ भागांपेक्षा जाड भाग सावकाश निवत असल्यामुळे हे आकसणेही सर्वत्र सारखे नसते.

परंतु सर्वांत उद्बोधक प्रकरण आहे ते स्नॅगलटूथ नावाच्या एका गौण पात्राचे. 1978 मध्ये सिअर्स या दुकान-साखळीसाठी केनरने मद्यालयाच्या देखाव्याचा जो संच काढला, त्यात ही मूर्ती प्रथम आली: निळ्या पोशाखाची, रुपेरी बुटांची आणि इतर मूर्तींएवढ्याच म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर उंचीची. चित्रपटातील मूळ पात्र मात्र बुटके होते, त्याचा पोशाख लाल होता आणि पाय अनवाणी व केसाळ होते. केनरच्या मूर्तिकारांपुढे कमरेखालचा भाग कापला गेलेले एक कृष्णधवल छायाचित्र काय ते होते. आता अशा छायाचित्रातून कोणती माहिती कायमची नाहीशी होते ते पाहावे. जवळचा ठेंगू देह आणि दूरचा उंच देह भिंगाशी एकच कोन करतात. त्यामुळे शेजारी ज्ञात मापाची वस्तू नसेल तर केवळ प्रतिमेवरून उंची काढण्याचा कोणताही मार्ग भूमितीत नाही. रंगाचेही तसेच: कृष्णधवल फिल्म प्रत्येक बिंदूपाशी उजेडाच्या तीव्रतेची एकच संख्या नोंदवते, आणि सारख्या तीव्रतेचे लाल व निळे वस्त्र तिच्यावर एकाच करड्या छटेचे उमटते. मूर्तिकारांनी हाती असलेल्या पुराव्यातून जे निष्पन्न झाले ते प्रामाणिकपणे घडवले, असेच मी म्हणेन. पुढे सुटी मूर्ती विक्रीस निघाली तेव्हा दुरुस्ती होऊन ती लाल आणि बुटकी झाली, आणि निळी मूर्ती संग्राहकांच्या शोधाचा विषय होऊन बसली.

रंगाबाबत आणखी एक अडचण अशी, की मूळ नमुना निर्दोष असला तरी कागद आणि प्लास्टिक तो सारखा दाखवू शकत नाहीत. कागदावर चार शाया सूक्ष्म ठिपक्यांनी पडतात आणि उजेड त्या शायांतून पार होऊन पांढऱ्या कागदावरून परत फिरतो. प्लास्टिकमध्ये रंगद्रव्य आतपर्यंत मिसळलेले असते. दोहोंचे परावर्तन इतके भिन्न, की दुकानातील नळीदिव्याखाली जुळलेले रंग घरी खिडकीपाशी वेगळे पडू शकतात. रुपेरी चमक तर चार शायांना मुळीच साधत नाही. तिच्या जागी करड्या छटांचा चढउतार दाखवून भागवावे लागते.

कधी चित्र खरे असूनही मूर्ती बदलण्याचा प्रसंग येतो, आणि ‘स्टार वॉर्स’मधीलच बोबा फेट या पात्राच्या मूर्तीची कैफियत या जातीची आहे. खरेदीचे चार पुरावे पाठवणाऱ्यास ही मूर्ती मोफत मिळेल, आणि तिच्या पाठीवरचा अग्निबाण स्प्रिंगच्या जोराने उडेल, असे केनरने जाहिरातीत छापले होते. त्याच सुमारास मॅटेल कंपनीच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ खेळण्यातील असेच एक क्षेपणास्त्र घशात जाऊन एका चार वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. केनरने बाण पाठीला कायमचा जोडून टाकला आणि आधीच छापून झालेल्या पुठ्ठ्यांवर बाण उडत असल्याच्या चित्रावर चिकटपट्टी लावली. 1 जानेवारी 1980 पासून अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी लहान सुट्या भागांचा नियम अमलात आला. त्याच्या तपासणीचे नळकांडे सुमारे 31.7 मिलिमीटर व्यासाचे असते, आणि जो भाग त्यात पूर्ण मावतो तो नापास होतो. ती चिकटपट्टी असलेला पुठ्ठा पाहताना एका बालकाच्या मृत्यूने रहित करायला लावलेले वचन आपण पाहत आहोत, हे विसरता येत नाही.

अशा वस्तूंचा संग्रह किंवा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट सांभाळावी: आज दिसणारी प्रत्येक तफावत मूळची नसते. उन्हात राहिलेल्या पुठ्ठ्यावरील पिवळी आणि किरमिजी शाई आधी विरते व चित्र निळसर होते. तर एबीएसमधील रबरी घटकाचे अतिनील किरणांमुळे ऑक्सिडीकरण होऊन पांढरी मूर्ती पिवळी पडते, आणि तिचे सर्व अवयव एकाच प्लास्टिकचे नसतील तर धड व हातपाय वेगवेगळ्या प्रमाणात पिवळे पडतात. म्हणून तुलना करण्यापूर्वी पुठ्ठ्याचा टाचण्यांखाली किंवा घडीआड झाकलेला भाग आणि मूर्तीच्या सांध्याच्या आतील, उजेड न लागलेला भाग पाहावा. मूळ रंगाची साक्ष तेवढीच शिल्लक असते.