अवेकनिंग, द

अमेरिकन लेखिका केट शोपँ (१८५०–१९०४) हिची कादंबरी. शिकागो येथील हर्बर्ट एस. स्टोन अँड कंपनीने ती २२ एप्रिल १८९९ रोजी प्रसिद्ध केली. शीर्षकाचा अर्थ ‘जागृती’. एका विवाहितेस आपल्या स्वतंत्र अस्तित्वाचे हळूहळू येत जाणारे भान, हा तिचा विषय होय. लेखिकेने प्रथम योजिलेले शीर्षक ‘एकाकी जीव’ अशा अर्थाचे होते. कादंबरीचा शेवट पाहता तेच अधिक नेमके वाटते.

शोपँचा जन्म मिसूरी राज्यातील सेंट लूइस येथला. वडील आयरिश, आई फ्रेंच वंशाची. १८७० मधील विवाहानंतर लुइझिॲना राज्यातील फ्रेंचभाषक क्रीओल समाज तिला जवळून पाहता आला. १८८२ मध्ये वैधव्य आल्यावर सहा मुलांसह ती माहेरी परतली व लेखनाकडे वळली. मोपासांच्या काही कथा तिने इंग्रजीत आणल्या. त्याचा अलिप्तपणाही तिने उचलला. प्रादेशिक कथालेखिका म्हणून नाव झालेले असताना ही कादंबरी आली.

कथानक थोडके आहे. अठ्ठावीस वर्षांची एड्ना पाँतेल्ये ही न्यू ऑर्लीअन्समधील सुखवस्तू व्यापाऱ्याची पत्नी, दोन मुलांची आई. ती मूळची केंटकीची, प्रॉटेस्टंट. कॅथलिक क्रीओलांच्या मोकळ्या बोलण्याचालण्यात ती परकीच. ग्रँड आइल या बेटावर उन्हाळा घालवीत असता रॉबर्ट लब्रन या तरुणाचा सहवास, राइस या फटकळ वादिकेचे पियानोवादन आणि पोहता येऊ लागल्याचा आनंद यांमुळे तिच्यात पालट घडतो. शहरात परतल्यावर ती पाहुण्यांच्या स्वागताचा ठरलेला वार मोडते, चित्रे काढते व अखेर जवळच्याच एका लहान घरात स्वतःच्या पैशावर राहू लागते. लुइझिॲनाच्या तत्कालीन दिवाणी कायद्यानुसार पतीच्या संमतीवाचून विवाहितेला करार करता येत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे या स्थलांतराचे धाडस कळते. पती यात केवळ लोकापवादाची चिंता करतो; तो दुष्ट नाही, आणि हेच लेखिकेचे बळ. कुटुंबवत्सल मैत्रीण आदेल हिच्या प्रसूतीचा प्रसंग एड्नाला मुलांची आठवण करून देतो. रॉबर्टही निघून जातो. शेवटी ती एकटीच समुद्रात दूर पोहत जाते. हा पराभव की मुक्ती, याविषयी समीक्षकांत एकमत नाही. लेखिकेने निवाडा दिलेला नाही.

समकालीन समीक्षकांना नेमके हेच खटकले. शैलीची वाखाणणी करूनही बहुतेकांनी विषय अनारोग्यकारक ठरविला. विला कॅदरने फ्लोबेअरच्या मादाम बोव्हारीशी तुलना करून एवढी उत्तम शैली अशा विषयावर खर्ची पडल्याची हळहळ व्यक्त केली. सेंट लूइसमधील ग्रंथालयांनी कादंबरीवर बंदी घातली, ही पुष्कळ काळ प्रचलित असलेली समजूत मात्र पुराव्याने सिद्ध झालेली नाही. इलिनॉय राज्यातील एव्हन्स्टन येथील सार्वजनिक ग्रंथालयाने १९०२ मध्ये ती खुल्या मांडणीतून काढली, एवढे निश्चित आहे. खरी बंदी उपेक्षेची होती. पुढचा कथासंग्रह १९०० मध्ये प्रकाशकाने परत केला. तो १९९१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला.

१९५३ मध्ये सिरिल आर्नाव्हाँ याने कादंबरीचा फ्रेंच अनुवाद केला. नॉर्वेजियन अभ्यासक पेर सेयरस्टेड याने १९६९ मध्ये शोपँचे समग्र वाङ्मय व चरित्र प्रसिद्ध केल्यावर, स्त्रीमुक्तीच्या चळवळीच्या त्या काळात, ती अमेरिकन विद्यापीठांतून अभ्यासली जाऊ लागली. तथापि केवळ चळवळीचे पुस्तक म्हणून ती वाचल्यास तिच्यातील संदिग्धता हरवते. एड्ना ही आदर्श नायिका नव्हे. ती लहरी आहे, आणि रॉबर्टवर अनुरक्त असताना आल्से आरोबँ या छचोर तरुणाशीही संबंध ठेवते. अलीकडील समीक्षेने आणखी एक उणीव दाखविली आहे : तिची मुले सांभाळणारी मिश्रवर्णीय दाई कादंबरीभर निनावी राहते. तिच्या राबण्यामुळेच एड्नाला मोकळीक मिळते. त्या दाईच्या मनात काय चालले आहे, हे वाचकास एकदाही कळत नाही.